जिताडा की तांबोशी : पहिल्यांदा खाडीवर निघालेल्या नागपूरकरासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे एक गृहस्थ दहा-बारा वर्षं मरळ आणि कटल्यासाठी गळ टाकतात. दत्तजयंतीला जोडून चार दिवस सिंधुदुर्गात जाणार आहेत. खाऱ्या पाण्यातली पहिलीच वेळ, आणि पैसे एकाच रॉड-रीलच्या सेटपुरते. त्यांनी विचारलंय, "जिताड्याच्या मागे लागू की तांबोशीच्या? दोघांत जास्त ताकदीचा कोण? आणि माझा मरळचा रॉड तिकडे चालेल का?"

भाऊ, ताकदीचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ते मधे मधे येणार नाही. वजनाला वजन धरलं तर तांबोशी. दोन किलोची तांबोशी जो हिसका देते तो चार किलोच्या जिताड्याकडूनही क्वचित मिळतो. पण जिताडा मोठा होतो, फार मोठा होतो, उड्या मारतो आणि ओळखीच्यांना फोटो पाठवावा असा दिसतो. गप्पांसाठी एवढं पुरे.

तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. दिवस चार, रॉड एक, आणि हात मरळनं घडवलेले. त्या हातांना काही सवयी आहेत. त्यातल्या काही जिताड्यावर उपयोगी पडतील आणि नेमक्या त्याच तांबोशीवर तुम्हाला बुडवतील. शिवाय तुम्ही तारीख ठरवली ती सुट्टी बघून, पाणी बघून ठरवली नाही. अंबाझरी किंवा खिंडसी तलावावर रविवार आणि बुधवार यांत माशाला काही फरक पडत नाही. खाडीत तिथी बदलली की सगळंच बदलतं. म्हणून कोणता मासा हे ठरवण्याआधी कोणती तिथी आणि कोणता हात हे बघू.

नावांचा घोळ मात्र आधी मिटवू. जिताडा हे रायगड-ठाण्याकडचं नाव. दक्षिणेला उतरलात की चोणक ऐकू येईल, गोव्यात तर तेच चालतं. बंगालमध्ये भेटकी. धंतोलीत कोणी बंगाली मित्र असेल तर त्याच्यासमोर भेटकीच्या पातुरीचं नाव काढून बघा, संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. ऑस्ट्रेलियावाले ज्याला बारामुंडी म्हणतात तो हाच, शास्त्रीय नाव लेटिस कॅल्केरिफर. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं, त्या गोदावरीच्या मुखाशीही हा आहे, तेलुगूत त्याला पंडुगप्पा म्हणतात. म्हणजे उताराच्या बाजूने बघितलं तर तो आपला लांबचा नातेवाईकच.

तांबोशीला कुठे तांबुसा म्हणतात, गोव्याकडे तामसो. बाजारात मात्र तीन-चार तऱ्हेच्या लाल माशांना सर्रास तांबोशी म्हणून विकतात. मी बोलतोय ती खाडीतली, कांदळवनाच्या मुळांत राहणारी, इंग्रजीतली मँग्रोव्ह जॅक. लहान असताना अंगावर फिकट उभे पट्टे आणि गालावर निळसर रेघ असते. वाढली की तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी दिसते.

आता दोघांच्या जन्मकथा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यातून निघतं.

जिताडा अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, साधारण पावसाळ्याच्या सुमारास. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाजणात, ओढ्यांत, जमेल तिथे गोड्या पाण्यापर्यंत चढतात. रायगडात पेण-अलिबागकडे गावतळ्यांत जिताडा वाढवतात तो याच गुणामुळे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली त्याचं हॅचरीत प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून शेततळ्यातला जिताडाही बाजारात यायला लागला. याची आणखी एक गंमत म्हणजे तो आयुष्य नर म्हणून सुरू करतो. तीन-चार वर्षांचा असताना नर, आणि पुढे सहा-आठ वर्षांचा होता होता मादी. म्हणजे आठ-दहा किलोचा जिताडा लागला तर ती जवळजवळ नक्कीच आई असते. आणि ही आई खाडी सोडून फार लांब जात नाही. नदीमुख, पुलाचे खांब, मोठ्या नाल्याचं तोंड, हेच तिचं घर.

तांबोशीचं उलट. तिची पिल्लं खाडीत येतात, कांदळवनाच्या मुळांत, खडकांच्या खोबणीत, काही तर जवळपास गोड्या पाण्यातही चढतात, आणि तिथे काही वर्षं काढतात. अर्ध्या मीटरच्या पुढे वाढ झाली आणि वयात आली की खाडी सोडून बाहेर खोल समुद्रातल्या खडकांवर जाते, शंभर मीटर खोलीपर्यंतसुद्धा. अंडी घालते ती तिकडेच. म्हणून खाडीत तुम्हाला मिळणारी तांबोशी म्हणजे बहुतेक वेळा पोरसवदा. किलोची, दीड किलोची, क्वचित तीनची. अंगात मस्ती आणि आजूबाजूला लपायला शंभर बिळं.

आता हेच गळाच्या बाजूने बघा. जिताडा वाट बघतो. तो प्रवाहाच्या कडेला, जिथे वेगाचं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं तिथे तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. ओहोटीबरोबर कांदळवनातून कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं वाहत येतात आणि हा तोंड उघडून त्यांना आत ओढतो. चावत नाही, ओढतो. कल्ले झटक्यात फाकवतो, पाण्यासकट भक्ष्य आत जातं. पृष्ठभागावर घेतलं तर "बुफ्" असा पोकळ आवाज येतो. रात्री पुलावर बसलेले लोक तो आवाज ऐकूनच जिताडा ओळखतात. त्याच्या तोंडात सुळे नाहीत, कानसीसारखे बारीक खरखरीत दात आहेत. मात्र कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. तंगूस, म्हणजे गळाचा दोर, तुटतो तो बहुधा तिथे.

तांबोशी घरात बसून रस्त्यावरच्या माणसाला टपली मारणाऱ्या पोरासारखी आहे. मुळांच्या सावलीत असते, बाहेर झेपावते, सुळ्यांनी पकडते आणि त्याच झेपेत वळून परत आत जाते. पकडणं आणि पळणं यांच्यात फट नसते. तुम्हाला चावा जाणवतो तेव्हा ती परतीच्या वाटेवर असते.

आणि इथे आपला मरळवाला हात घात करतो. रबरी बेडकावर मरळ घेताना आपण काय शिकलो? उसळी दिसली की लगेच मारू नका, मरळला बेडूक तोंडात नीट घेऊ द्या, एक-दोन-तीन मोजा, मग मारा. मी वैनगंगेच्या बाजूच्या तलावांवर ही मोजणी इतकी वर्षं केली होती की ती विचार न करता व्हायची. आचऱ्याच्या खाडीत माझ्या पहिल्या तांबोशीने पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करत चालणारं नकली आमिष, घेतला तेव्हा मी शिस्तीत एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीनला रॉड उचलला तेव्हा दोर मुळांना घासत होता. होडीवाला म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मोजतंस काय रे? वड!" त्या दिवशी आणखी दोन गेल्या. तिसऱ्या वेळी हात सुधारला खरा, पण ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोर किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, कटल्याच्या हिशोबाने ढिला ठेवला होता. रील गाणं म्हणत राहिली आणि मासा घरी पोचला.

जिताड्याला तोच मोजणारा हात फारसा महाग पडत नाही. तो आमिष आत ओढून वळतो, तुम्हाला क्षणभर मिळतो. दोर ताणला गेला की वजन येऊ द्या आणि कडेला रॉड ओढा. उलट फार घाईने मारलं तर उघड्या तोंडातून गळ निसटतो. पण मग दुसरी चूक वाट बघत असते. जिताडा उडी मारतो, हवेत डोकं दोन्ही बाजूंना झटकतो आणि त्या झटक्यात दोर ढिला पडला की गळ तोंडाबाहेर. कटला उडी मारत नाही, मरळ उसळते पण जिताड्यासारखी अर्धा मीटर वर येत नाही, म्हणून आपल्याला सवय नसते. उडी येतेय असं वाटलं, म्हणजे दोर एकदम वर चढायला लागला, की रॉडचं टोक पाण्याकडे खाली दाबा आणि हँडल फिरवत राहा. रॉड आकाशाकडे धरून फोटोसारखी पोज घेतलीत तर तो निसटणार.

तुम्ही कोणाला निवडावं यात माझं मत आहे, पण ते काही गोष्टींवर टांगलेलं आहे. होडी आहे की काठावरून? सोबत तिथला माणूस आहे का? पाऊस कधी थांबला, पाणी किती निवळलं? खाडीचं तोंड की आतला भाग? ओळखीचा होडीवाला नसेल आणि काठावरून गळ टाकणार असाल तर चार दिवसांत जिताडा लागण्याची शक्यता मी कमी धरतो. नवख्या माणसाला पाण्याच्या कडा वाचता येत नाहीत, आणि जिताडा दिवसभर खात नाही, तासा-दीड तासाच्या खिडकीत खातो. तांबोशी मात्र जागा बरोबर असेल तर पोटभर असूनही अंगावर धावून येते. तिचा राग भुकेपेक्षा मोठा आहे. म्हणून पहिल्या सहलीत तांबोशीला मुख्य धरा आणि जिताड्यासाठी रोजचे ठरावीक तास राखून ठेवा. दोघांपैकी एकाला सोडायची गरज नाही, त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

त्या वेळा कशा काढायच्या? घरात कालनिर्णय आहे ना, झालं तर मग. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून सव्वाअकराच्या सुमारास भरती, सकाळी आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशोब मुंबईकडचा. मालवणच्या बाजूला भरती थोडी आधी येते, आणि खाडीत आत शिरायला तिला वेळही लागतो. मोबाइलवर नेमके तक्ते मिळतात, ते बघाच. पण हा हिशोब डोक्यात असला की चार दिवसांचं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं.

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. उधाणाची भरती. सव्वाअकराला पूर्ण, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पाणी तळाला, आणि उजाडल्यापासून अकरापर्यंत नुसतं चढत राहणार. जिताड्याला हवी असते उतरणाऱ्या पाण्याची शेवटची दोन तासांची वेळ आणि सोबत मंद उजेड. पौर्णिमेला ही वेळ अंधारात निघून जाते. संध्याकाळीही तेच. पाच-साडेपाचला पाणी तळाला जातं आणि काळोख पडायच्या आत ओहोटी संपते.

आता दोन-तीन दिवस पुढे सरका. वद्य तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, साडेआठच्या सुमारास ओहोटी पूर्ण. म्हणजे उजाडताना, पावणेसातच्या आसपास, ओहोटीचे शेवटचे दोन तास. नाल्यांच्या तोंडाशी पाणी कांदळवनातून खाडीत ओतत असतं आणि उजेड अजून कोवळा असतो. दुपारी पुन्हा सव्वादोनला भरती आणि सूर्यास्ताला परत ओहोटी. सकाळ-संध्याकाळ दोन्ही जिताड्याला. आणि मधली दुपार, पाणी चढून मुळांत शिरलेलं, काही काळ थांबलेलं, वर डोक्यावर ऊन आणि मुळांखाली गडद सावली, ही तांबोशीची. तिला ऊन नको असतं, पण सावलीच्या कडेवरून बाहेर बघायला आवडतं.

तेव्हा रजा हलवता येत असेल तर दत्तजयंती घरीच करा, प्रसाद घ्या आणि द्वितीया ते पंचमी खाडीवर राहा. हलवता येत नसेल तरी पौर्णिमेपासूनचे चार दिवस म्हणजे दर दिवशी भरती पाऊण तासाने पुढे जाणार, म्हणजे चौथा दिवस सगळ्यात चांगला. पहिल्या दिवशी हात बसवा, खाडी बघा, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा. कुठे खड्डा आहे, कुठे बुडालेलं झाड आहे, नाल्याचं तोंड नेमकं कुठे वळतं. भरती आली की हे सगळं झाकलं जातं आणि नवखा माणूस सपाट पाण्यावर गळ टाकत बसतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, कमी चढतं, संथ आणि जास्त नितळ. तांबोशीला ते वाईट नाही, पण पाणीच जोरात वाहत नसल्याने जिताड्याचे नाले मंदावतात. रायगड-मुंबईकडे उधाणात पाणी चार मीटरच्या वर खाली-वर होतं, सिंधुदुर्गात साधारण त्याच्या निम्मं. त्यामुळे अलिबागवाल्यांचे सल्ले मालवणला जसेच्या तसे लावू नका.

रॉडच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडेल. बेडूक फेकायचा जाड पाठीचा मरळचा रॉड असेल, साडेसहा-सात फुटांचा, तर तो तांबोशीसाठी उत्तम आहे. शेवाळाच्या गादीतून मरळ उपटून काढणं आणि मुळांतून तांबोशी उपटणं हे काम एकाच जातीचं. कटल्याचा लांब, मऊ रॉड मात्र घरी ठेवा. तेव्हा सगळा सेट घेऊ नका, सगळे पैसे रीलवर लावा. गोड्या पाण्याची स्वस्त रील खाऱ्या हवेत दोन सहलींत आतून गंजते, आणि ड्रॅगच्या चकत्या अडखळायला लागल्या की सगळं संपलं. चार हजार नंबरची, खाऱ्या पाण्यासाठी सील केलेली रील घ्या. मोठी दिसली तरी चालेल. त्यावर तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, पुढे चाळीस ते पन्नास पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर-दीड हात लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड जोडदोर. तांबोशीच्या बेताने तयार केलेला असा सेट जिताड्यालाही सहज झेलतो. उलट जिताड्याच्या बेताने हलका सेट घेतलात तर तांबोशी रोज तुमची उणीदुणी काढेल.

ड्रॅग किती, हे सांगून कळत नाही, मोजावं लागतं. घरी बॅग तोलायचा डिजिटल काटा असतो ना, तो गॅलरीच्या कठड्याला बांधा, दोराचं टोक त्याला लावा आणि रॉड नेहमीसारखा वाकवून ओढा. दोर सुटायला लागला की आकडा बघा. तांबोशीसाठी पाच-सहा किलो. पहिल्यांदा हात घाबरतो, रॉड मोडेल वाटतं. शेजारीही विचारतील काय चाललंय म्हणून. जिताड्यासाठी तोच ड्रॅग दोन-तीन किलोवर आणा, कारण तोंडाभोवतीचा मऊ भाग फाटतो आणि गळ निसटतो. दोन्ही जागांवर नॉब किती वळवली हे हाताला पाठ झालं पाहिजे. खाडीत जागा बदलताना मी सवयीने आधी नॉबला हात लावतो, मग आमिष बदलतो.

आमिषात फार गुंतू नका. जिताड्याला दहा-बारा सेंटीमीटरचा पाण्यात अधांतरी थांबणारा मिनो, म्हणजे नकली छोटा मासा, किंवा चार इंची सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ रबरी आमिष. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, वाहू द्या, दोन हलके झटके आणि थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, मनात तीन मोजा. इथे तुमची मोजणी कामाला येते. तांबोशीला सात-नऊ सेंटीमीटरचा आखूड मिनो किंवा मुळांत न अडकणारा, गळ लपवलेला कोळंबीचा रबर. तो मुळांपासून वीतभर अंतरावर पडला पाहिजे. हातभर लांब पडला तर बहुधा वाया. म्हणून निघण्याआधी दोन-तीन रविवार मैदानावर कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांखालून बादलीत आडवा फेकण्याचा सराव करा. आणि मिनोबरोबर आलेले तिहेरी गळ काढून जाड तारेचे लावा. कारखान्यातले मूळ गळ तांबोशी सरळ करून परत देते, मी दोन पाकिटं जपून ठेवली आहेत, पोरांना दाखवायला. जिवंत आमिष हवं असेल तर कोळंबी किंवा बोय, तिथला होडीवाला सकाळी जाळ्याने काढून देईल.

मासा लागल्यावर तांबोशीला तीन सेकंद द्यायचे नाहीत. रॉड आडवा, पाण्याला समांतर, मुळांच्या उलट दिशेला, आणि हँडल फिरवत मागे व्हा. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की मासा लागला की वल्हं मागे मारायचं. दहा हात बाहेर काढलीत तर पुढचं काम रोजचंच, ती दमते. जिताडा मात्र पाच मिनिटांनीही होडीजवळ येऊन पुन्हा उडी मारतो. दर माशानंतर लीडर बोटांतून फिरवून बघा, खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा बांधा. कंटाळा केलात तर पुढचा मोठा जाणार, हे मी तीनदा अनुभवलंय.

आता जे हाताला लागेल त्याचं काय करायचं. मी सोडा असंच सांगणार, पण कारणासकट. मोठा जिताडा म्हणजे आई, आणि खाडीतल्या तिच्यासारख्या मोजक्याच. खाडीतली तांबोशी अजून एकदाही अंडी न घातलेली. म्हणजे एकीकडे आई मारली जाते, दुसरीकडे लेक. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने यावर नियमच केलाय : पूर्व किनाऱ्यावर जिताडा ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठाही नाही. तांबोशी ३५ सेंटीमीटरपेक्षा लहान नाही. खायला एखादा हवाच असेल तर मधल्या मापाचा जिताडा, दोन-तीन किलोचा ठेवा. माझ्या हातून एक मोठी जिताडी फक्त फोटोच्या हौसेने गेली. जबड्याला धरून उभी लटकवली, दोन-तीन मोबाइल फिरले, पाण्यात सोडली तर आडवी झाली ती झालीच. मोठा मासा उभा लटकवू नका. पोटाखाली हात देऊन आडवा धरा, शक्यतो पाण्यातच, आणि ऊन चढलेलं असेल तर फोटोचा विचार सोडून द्या.

खाण्याचं म्हणाल तर जिताड्याचं मांस पांढरं, मोठ्या पापुद्र्यांचं, चवीला सौम्य. त्याला सावजी रश्श्यात बुडवू नका, आपल्या वऱ्हाडी मसाल्यापुढे तो गप्प होतो. तांबोशी घट्ट आणि गोडसर, तिला मसाला सहन होतो.

सावधगिरीचं दोन शब्दांत. खडकांवर कालवं असतात, चप्पल घालून गेलात तर पाय कापून घ्याल, जाड तळव्याचे बूट घाला. उथळ चिखलात पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, पाकट असतं, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. होडीत लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. जिताड्याच्या कल्ल्यात बोटं घालू नका आणि तांबोशीचा गळ पक्कडीनेच काढा. मालवणच्या आजूबाजूला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गळ टाकायचा की नाही हे तिथल्या वनखात्याला विचारूनच ठरवा. आणि पुढे कधी चिपळूणला वाशिष्ठी किंवा महाडला सावित्रीवर गेलात तर पाण्याच्या कडेला उकिडवं बसून मासे धुऊ नका. तिथे मगरी आहेत, आणि त्यांना आपल्या तिथी-पाऊणपटीशी काही देणंघेणं नाही.

रील रोज रात्री गोड्या पाण्याने पुसा, नळाची जोरदार धार मारू नका, मीठ उलट आत जातं. नागपूर-मडगाव गाडीने जात असाल तर रॉड दोन तुकड्यांत करून पीव्हीसी पाइपमध्ये भरा आणि पाइप बर्थवर स्वतःच्या बाजूला घेऊन झोपा. खाली ठेवलेला रॉड मी एकदा भुसावळपर्यंतही सलामत नेऊ शकलो नव्हतो. आणि तो बॅगेचा काटा घरी विसरू नका. प्रवासात ड्रॅगची नॉब फिरलेली असते, होडीत बसायच्या आधी धक्क्यावर परत एकदा मोजून घ्या.